घरात माणूस दिसला पाहिजे

बंद घर कुलपावरून ओळखतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी भर उन्हात गल्ल्या तुडवलेल्या नसतात. मीटरमामांनी तुडवल्या होत्या. वीजखात्यात लागले तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती, सुटले तेव्हा भुवया पिकल्या होत्या. मधला सगळा जन्म खांद्याला पिशवी अडकवून दुसऱ्याच्या भिंतीवरच्या पेटीत डोकावण्यात गेला. जुन्या मीटरच्या काचेआड एक चकती असायची. घरात कुणी दिवा लावला, पंखा लावला की ती फिरायची. माणसं परगावी गेली की थांबायची. थांबलेली चकती बघितली की मामा आधी मागे वळून गल्ली बघायचे. हे मला कळलं, तर दुसऱ्या कुणाला का कळू नये, असं वाटायचं.

पुढे पुढे त्यांना मीटर उघडायचीही गरज उरली नाही. पायपुसण्यावर बसलेली सारखी धूळ, कुंडीतली तडकलेली माती, दाराच्या वरच्या कोपऱ्यात निवांत विणलेलं कोळ्याचं जाळं. ज्या दारातून रोज माणूस जातो-येतो तिथे कोळी संसार थाटत नाही. एवढं सगळं डोळ्यांत साठवून मामा निवृत्त झाले, आणि मग त्या डोळ्यांना बघायला एकच घर उरलं, स्वतःचं.

त्या घरात दोन माणसं. मामा आणि मामी. गल्लीने त्यांना दिलेली ही नावं, आणि गल्लीने दिलं ते बदलता येत नाही. मामींची धाकटी बहीण एका तळ्याकाठी राहायची. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मागे दोन खोल्या, एवढंच घर, पण बहीण दर उन्हाळ्यात बोलवायची आणि दर उन्हाळ्यात मामा काहीतरी काढायचे. एकदा तर दोघं बसमध्ये जाऊन बसली होती. गाडी सुटता सुटता मामांच्या मनात पाल चुकचुकली की गॅसचा खटका बंद केला का नाही. दोघं उतरली. खटका बंदच होता. त्या दिवशी मामींनी पिशव्या उघडल्या, आणि एक एक कपडा परत कपाटात ठेवला.

यंदा बहिणीने कळवलं होतं, घर विकलं. पावसाळ्याआधी ती मुलाकडे राहायला जाणार. म्हणजे तळ्याचा हा शेवटचा उन्हाळा. मामींनी स्वतः जाऊन तिकिटं काढली, आणि मामांच्या हातात त्यांचं एकच तिकीट ठेवलं.

"दुसरं?" मामांनी विचारलं.

"माझं माझ्याजवळ. तुमचं तुमच्याजवळ. बस कुणाची वाट बघत नाही, आणि यंदा मीही बघणार नाही."

हे मामी हसून बोलल्या असत्या तर मामा घाबरले नसते.

मग घराची तयारी सुरू झाली. खरं तर दोन तयाऱ्या सुरू झाल्या. मामींना वाटायचं, घर सोडायचं तर ते स्वच्छ निजवून सोडावं. गाद्या गुंडाळाव्यात, खुर्च्यांवर जुन्या चादरी घालाव्यात, पडदे ओढावेत, केर बाहेर टाकावा. मामांना हे ऐकूनच घाम फुटायचा.

"चादरी घातल्यास की घर मेलं म्हणून समज. बाहेरून काचेतून बघणाऱ्याला काय दिसेल? पांढरी फटक खोली! त्याला वेगळं आमंत्रण कशाला?"

"कुणाला?"

"कुणालाही."

"नाव सांगा की एक."

नाव सांगायचं तर मामांच्या मनात दोन होती. समोरच्या घरातल्या शिवणकाकू, आणि शेजारच्या खोलीत नवीन आलेला रात्रपाळीवाला.

शिवणकाकूंचं मशीन खिडकीला लावलेलं होतं आणि खिडकी थेट मामांच्या दारावर उघडायची. बाई दिवसभर शिवायची. पाय खाली चालायचा, हात कापडावर, आणि नजर मात्र मामांच्या फाटकाला टाचलेली. उजेडासाठी खिडकीत बसते, असं मामी म्हणायच्या. मामा म्हणायचे, उजेड काय फक्त आपल्या दारातूनच येतो? आणि रात्रपाळीवाला तर सरळच संशयाचा माणूस. शीतगृहात कामाला होता म्हणे. सगळं जग झोपायला निघालं की हा बाहेर पडणार, सगळं जग उठलं की हा दार लावून झोपणार. ज्याचा दिवस रात्री उगवतो त्याच्याविषयी आणखी काय बोलायचं?

जायच्या आदल्या दिवशी मामा मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत होते. त्या करकरत, आणि पहाटे निघताना आवाज व्हायला नको होता. तेलाची बाटली घेऊन ते पुढच्या अंगणात आले, तर समोरून हाक.

"काय मामा, आज तेलपाणी? कुठे निघालात का?"

"कुठे निघणार? आहे हे ठीक आहे."

"नाही, मामींचा चेहरा चार दिवस फुललाय, म्हणून विचारलं."

"दाढ दुखतेय तिची. सूज आहे ती."

 शिवणकाकूंचं मशीन क्षणभर थांबलं आणि मग पुन्हा चालू झालं. त्या क्षणभराचा मामांनी दुपारभर कीस पाडला. का थांबली? दोरा संपला, की हिशेब जुळला?

संध्याकाळी मामी एका खोलीतून घर निजवत यायच्या, आणि मागून मामा त्याला जागं करत जायचे. त्यांनी पडदा ओढला की हे हातभर सरकवायचे. त्यांनी रेडिओचं बटण बंद केलं की हे चालू करायचे, बारीक आवाजात, नुसतं कुणी बोलतंय एवढं कळावं इतपत. मामींनी केराची बादली धुऊन पालथी घातली, तर मामांनी तीत पुन्हा बटाट्याची सालं टाकली.

"अहो, आठ दिवसांत किडे पडतील त्यात."

"पडू देत. किडे पडलेलं घर राहतं वाटतं."

"आणि आल्यावर साफ कुणी करायचं?"

"ते आल्यावर बघू. आधी परत यायला घर राहिलं पाहिजे."

न्हाणीघराचा नळ त्यांनी थेंब थेंब बादलीत सोडला. स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवला. दोघांच्या जुन्या चपला पुढच्या दाराशी काढून ठेवल्या, त्याही नीट जोडीने नाही, एक सरळ, एक तिरकी, जशा घाईने आत गेलेल्या माणसाच्या असतात. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आतून अडसर घालायचा आणि मागच्या दाराने निघायचं. मागे बोळ होता. तिथे कुलूप कुणाला दिसणार?

तरी त्यांना काहीतरी कमी वाटत होतं. दिवा झाला, आवाज झाला, पाणी झालं. पण घरात माणूस दिसला पाहिजे.

मग मामांनी ट्रंकेतून खात्याचा जुना खाकी कोट काढला. आत उशा कोंबल्या. बाह्यांत वर्तमानपत्रांच्या सुरळ्या घातल्या. उशीच्या अभ्र्यात चिंध्या भरून डोकं केलं, त्यावर रोजची टोपी बसवली, आणि हा सगळा ऐवज आरामखुर्चीत खिडकीकडे पाठ करून बसवला. मांडीवर कालचा पेपर. बाहेर जाऊन त्यांनी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि त्यांचेच डोळे फसले. मामा आत बसले होते.

मामींनी कमरेवर हात ठेवून खुर्चीतल्या माणसाला नीट न्याहाळलं.

"हे तुमच्यापेक्षा बरे आहेत," त्या म्हणाल्या. "बसलेत बिचारे गप. ह्यांनाच घेऊन जाऊ का?"

पहाटे तांबडं फुटायच्या सुमारास दोघं मागच्या दाराने बाहेर पडली. बोळात अजून काल रात्रीचा गारवा होता. कुठेतरी एक कोंबडा आरवायचं की नाही ते ठरवत होता. मामी पुढे चालल्या होत्या, हातातली पिशवी हलकी असल्यासारख्या, आणि मामा मागे, दर चार पावलांनी मान वळवत. घर मागे उजळलेलं दिसत होतं. किती छान राहतं दिसत होतं! सोडून जाऊ नये असं.

बसस्थानकावर बरीच आधी पोचली. बाकावर बसून चहा घेतला. मामींनी खांदे जवळ घेतले आणि सहज म्हणाल्या, "गारठा आहे. कोट हवा होता."

"मग घालायचा की."

"शिवणकाकूंकडे राहिला. अस्तर उसवलं होतं, परवा दिला. आज देते म्हणाल्या होत्या. तळ्यावर वारा असतो, म्हणून मुद्दाम दिला आणि तोच विसरले बघा."

मामांचा कप ओठाशी थांबला. "तिला सांगितलंस? आपण जाणार ते?"

"तुम्ही देवासमोर उभं करून वदवून घेतलंत ना, कुणाला सांगणार नाही म्हणून? नाही सांगितलं."

म्हणजे ती आज कोट घेऊन येणार. दार वाजवणार. कुणी उघडणार नाही. आणि त्या बाईला जे कळायला नको तेच नेमकं कळणार. मामांच्या पायाखालची वाळू सरकली. तेवढ्यात समोरच्या फलाटाला पहिली गाडी लागली आणि तिच्यातून रात्रपाळीवाला उतरला. मामांनी चटकन पेपर तोंडासमोर धरला. कडेने बघितलं, तर त्याच्या काखेत काहीतरी लांबलचक होतं. कागदात गुंडाळलेलं, सरळ, हातभराहून मोठं. पहार. दुसरं काय असणार? शीतगृहातून येणारा माणूस सकाळी सकाळी कागदात काय गुंडाळून आणतो?

तो आळस देत गल्लीच्या दिशेने चालू लागला. मामा उठले.

"अहो?"

"आलोच. दहा पावलं जाऊन येतो."

मामींनी त्यांच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी नुसतं बघितलं, आणि मग पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर घेतली.

"मी बसमध्ये बसतेय," त्या म्हणाल्या.

मामांना ते ऐकू आलं. ते थांबले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी, त्यांच्या घराच्या जरा अलीकडे, पाण्याची टाकी होती. मामा तिच्याआड उभे राहिले. त्यांच्याच दारात शिवणकाकू उभ्या होत्या. हातात मामींचा कोट, आणि दुसऱ्या हाताने दार बडवणं चाललेलं. रात्रपाळीवाला फाटकातून आत शिरत होता.

"काय झालं काकू?"

"अरे, केव्हाची हाका मारतेय. दिवा चालू, रेडिओ चालू, चपला दारात, आणि दार उघडेना. तू जरा खिडकीतून बघ, तू उंच आहेस."

तो खिडकीशी गेला. कागद फाडून त्याने ती लांब वस्तू बाहेर काढली आणि जाळीतून आत घालून पडदा सरकवू लागला. पडद्याची पितळी दांडी होती ती. मामांना ती टाकीआडून नीट दिसली, तरी त्यांचं मन म्हणालं, दांडीनेही दार फोडता येतं.

"खुर्चीत बसलेत. मामा! ओ मामा! हलत नाहीत, काकू."

"आणि मामी?"

"न्हाणीघरात पाणी वाजतंय. त्या ओ देत नाहीत."

"अरे देवा. फोड दार. माझ्या अंगात जीव नाही, तू फोड!"

आता असं बघा. याच घडीला मामांनी एक हाक मारली असती तर दार वाचलं असतं. चार पावलांचं अंतर, एक हाक. पण मामा हलले नाहीत. ज्यांच्याविषयी मनात संशय धरला होता, तेच आपलं दार फोडायला उभे राहिले होते, आणि मामांना ते बघायचं होतं. डोळ्यांनी. रंगेहाथ. एकदा दार पडलं की कुणी म्हणायला नको, की म्हातारा उगाच शंका घेतो. मामी तर नाहीच म्हणणार. काकूंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, सगळं ऐकलं होतं, आणि तरी आतून कुणीतरी सांगत होतं, नाटक आहे, थांब, आत गेल्यावर कपाटाकडे वळतात बघ.

पोराने खांदा लावला. एकदा, दोनदा. मग मागे सरून धावत आला. अडसर मोडला तो कडाडून, बिजागऱ्या लाकडासकट उपटून आल्या, आणि दार आत पडलं.

कपाटाकडे कुणी वळलं नाही. टाकीआडून मामांना सगळं दिसत होतं. काकू चपलांवरून अडखळत आत गेल्या, खुर्चीशी गुडघे टेकले, आणि खाकी बाही धरून म्हणाल्या, "मामा, अहो मामा, बघा तरी माझ्याकडे." बाही हलवली तसं डोकं कलंडलं आणि घरंगळत जमिनीवर आलं. काकूंनी जी किंकाळी फोडली ती पार बसस्थानकापर्यंत गेली असेल. पोरगा न्हाणीघरातून "मामी नाहीत" म्हणत बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला.

मग फक्त रेडिओ बोलत राहिला.

मामा आत आले तेव्हा काकू जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर चिंध्यांनी भरलेला अभ्रा. त्यांनी मामांकडे बघितलं, अभ्र्याकडे बघितलं, आणि तो उचलून सरळ मामांच्या छातीवर फेकला.

"मेल्या, मी रडले तुझ्यासाठी!"

आयुष्यात पहिल्यांदा काकूंनी त्यांना अरेतुरे केलं. मामांनी अभ्रा झेलला आणि धरून उभे राहिले.

"मी... आत्ताच आलो," ते म्हणाले.

रात्रपाळीवाला खांदा चोळत होता. शर्ट फाटला होता, खाली कातडं सोलवटलं होतं. "मामा, दार फोडण्याआधी मी टाकीकडे बघितलं होतं," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासारखं कुणीतरी उभं दिसलं. म्हटलं, मामा तर आत खुर्चीत आहेत, हा त्यांचा आत्माच निघालेला असणार. म्हणून तर जोर लावला."

 मामांचे कान तापले. पडलेल्या दारावरून बाहेरचं ऊन सरळ आतपर्यंत आलं होतं, कपाटापर्यंत, ट्रंकेपर्यंत. गल्लीतून जाणारं कुणीही आता घराचं पोट बघू शकत होतं.

"मामी कुठे आहेत?" काकूंनी विचारलं.

"बसमध्ये. बहिणीकडे निघालो होतो."

"सुटली असेल?"

"सुटली असेल."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मामांनी दाराकडे बोट दाखवलं. 

"सुतार उद्याशिवाय यायचा नाही," काकू उठत म्हणाल्या. "मी मशीन इथे आणते. दिवसा मी बसते, उजेड चांगला आहे, रात्रीही इथेच पडेन. दुपारची गाडी आहे ना? तिने जा. आणि हा कोट न्या. अस्तर लावलंय, नवं बटणही लावलंय."

मामांनी कोट हातात घेतला. शिवणकाकू इथे बसणार. दिवसभर. कपाटात काय, डब्यात काय, बादलीत बटाट्याची सालं कशासाठी, सगळं बघणार. मामांना वाटलं, ह्या बाईला हवं होतं तेच झालं. आणि लगेच वाटलं, ती रडत होती ते? दोन्ही एकदम वाटलं आणि एकानेही दुसऱ्याला हटवलं नाही.

एवढ्यात घोरण्याचा आवाज आला. रात्रभर काम करून आलेला पोरगा आरामखुर्चीतल्या उशा बाजूला सारून तिथेच पडला होता. तोंड उघडं, पाय लांब, दाराच्या उजेडात. मामांनी जमिनीवरचा खाकी कोट उचलला, झटकला, आणि त्याच्या सोलवटलेल्या खांद्यावर घातला. मग नळ बंद केला आणि निघाले.

दुपारच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. रस्ताभर त्यांनी बाहेर बघितलं, पण नजरेत काही शिरलं नाही. घर सताड उघडं टाकून ते निघाले होते. ही गोष्ट ते मनाला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि मनाला ती पटत नव्हती.

तळ्याकाठी पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पायऱ्यांवर दोघी बहिणी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. मामींनी पावलं ओळखली, पण मागे वळल्या नाहीत.

"आलात?"

"आलो."

"काय निघालं?"

"दार फोडलं."

आता मात्र त्या वळल्या. "कुणी?"

"शिवणकाकूंनी. म्हणजे त्या पोराने. त्यांना वाटलं मी मेलो. खुर्चीत." मामा थांबले. पाण्यावर वारा आला, गेला. "खुर्चीतलं डोकं घरंगळलं, काकू किंचाळल्या. मी टाकीआड उभा होतो. फोडताना."

"हाक नाही मारलीत?"

"नाही."

 मामींनी हात पुढे केला, कोट घेतला, खांद्यावर टाकला, आणि बटणावरून एकदा बोट फिरवलं.

"आम्ही दोघी पुढच्या खोलीत झोपणार आहोत," त्या म्हणाल्या. "तुमची मागची. आधीच सांगते, तिच्या दाराला कडी नाही. हिने कधी लावलीच नाही."

मामा मागच्या खोलीत गेले. दार खरंच नुसतं टेकलेलं होतं. वाऱ्याने उघडायचं, वाऱ्याने मिटायचं. त्यांनी त्याला आपली पिशवी टेकवून बघितली, ती सरकली. मग खुर्ची लावायला गेले, आणि खुर्चीला हात लावल्यावर का कोण जाणे, तिथेच सोडून खाटेवर बसले. बाहेर पायऱ्यांवर दोघी बहिणी हसायला लागल्या होत्या. आधी दबून, मग मोकळ्या, मग अगदी पोटावर हात ठेवून, मध्येच "डोकं घरंगळलं" एवढं ऐकू यायचं आणि पुन्हा हसू फुटायचं.

मामांना दाट संशय आला की त्या आपल्यालाच हसताहेत. यावेळी शहानिशा करायला ते उठले नाहीत.